वाचकांचे प्रश्न : सनसनाटी बातम्यांवरचा खेळ कसा रचावा?

सोलापुरातून या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाची आहेत. तिथल्या एका माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी बातम्यांमधील भडकपणावर वर्गात खेळण्याजोगा खेळ तयार करायला घेतला आणि त्याची चर्चा पालकांपर्यंत, पत्रकारांपर्यंत पोहोचली. ती पत्रे एकत्र घेत आहोत.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांसाठी आम्ही पत्त्यांसारखी कार्डे तयार केली. प्रत्येक कार्डावर एक बातमी असते आणि ती खरी की खोटी, हे मुलांनी ओळखायचे. सुरुवातीला मुले रमली. पण लवकरच त्यांनी युक्ती शोधली, की मथळ्यात उद्गारचिन्ह दिसले की 'खोटी' म्हणायचे. काही मुले तर आता प्रत्येक कार्डाला 'खोटी' म्हणतात आणि तरीही बऱ्यापैकी गुण मिळवतात. यातून मुले काही शिकत आहेत, की नुसता संशय वाढतो आहे? रचना कशी बदलावी?
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : खेळ ज्याला गुण देतो तेच खेळाडू करतो, आणि आपल्या खेळात गुण मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे सरसकट अविश्वास हा आहे. मुलांनी तो शोधला, यात त्यांचा काही दोष नाही. त्यामुळे नवी कार्डे आणून फारसे साधणार नाही. गुण कशाला मिळतात, ते बदलावे लागेल.

त्याआधी विषय थोडा वेगळा करून घेऊ. खोटी बातमी आणि सनसनाटी बातमी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खोट्या बातमीत सांगितलेले घडलेलेच नसते. सनसनाटी बातमीत बहुतेक वेळा सगळे घडलेले असते. पण कोणता तपशील वर घ्यायचा, कोणता गाळायचा, कोणते विशेषण लावायचे आणि शेजारी कोणते छायाचित्र ठेवायचे, या निवडींमधून वाचकाच्या मनात घटनेपेक्षा मोठे, जवळचे किंवा भयंकर असे काही उभे केले जाते. 'खरी की खोटी' या प्रश्नाच्या जाळ्यातून ती सहज निसटते.

सोलापूरकरांना यासाठी उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. उजनी धरणाची पूर्ण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांतून आपोआप बाहेर न पडणारे तळाचे पाणी, आणि उरलेला सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त साठा. वर्तमानपत्रात रोज छापून येणारी टक्केवारी ही फक्त उपयुक्त साठ्याची असते. म्हणजे ज्या दिवशी धरण 'शून्य टक्के' होते, त्या दिवशीही धरणात सुमारे ६३ टीएमसी पाणी असते, आणि त्यानंतर 'उणे' टक्केवारी छापली जाते, कारण मृतसाठ्यातून उपसा सुरू झालेला असतो. आता या एका घटनेचे तीन मथळे पाहा. 'उजनी कोरडी, सोलापूरच्या तोंडचे पाणी पळाले!' हा पहिला. 'उजनी शून्यावर! आता पुढे काय?' हा दुसरा. 'उजनीचा उपयुक्त साठा संपला. शहराला आता मृतसाठ्याचा आधार' हा तिसरा. पहिला सरळसरळ चुकीचा आहे. दुसऱ्यात एकही चुकीचा शब्द नाही, तरी तो वाचणाऱ्या गृहिणीला संध्याकाळी घरातले सगळे पिंप भरून ठेवावेसे वाटेल, कारण शून्य कशाचे, हे त्याने सांगितलेले नाही. तिसरा मथळा काळजीची गोष्ट काळजीचीच ठेवतो. दुबार पंपिंग करावे लागणे, म्हणजे तेच पाणी दोनदा उपसावे लागणे, पाण्याच्या पाळीतील दिवस वाढणे, हे सारे खरे संकट आहे आणि ते तो लपवत नाही. विद्यार्थ्यांनी शिकायचे आहे ते दुसऱ्या आणि तिसऱ्या मथळ्यातील अंतर, आणि ते 'खरी-खोटी'च्या दोन ढिगांत कधीच दिसणार नाही.

आता रचनेकडे वळू. आपल्याकडे शिकवणीच्या खेळाची जुनी परंपरा आहे. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा. पण मोक्षपटात खेळाडू काहीच ठरवत नाही. दान जे पडेल तिथे सोंगटी जाते. कर्मफळाचा विचार ठसवायला ती रचना चालते, विवेक शिकवायला मात्र ती अपुरी पडते, कारण विवेकाला निवडीची जागा लागते. मी पाहिलेल्या अनेक 'शैक्षणिक' खेळांत हाच दोष असतो: 'भडक मथळा दिला, तीन घरे मागे जा' असे पटावर छापलेले असते, आणि मूल फासा टाकून मागे जाते, पुढे जाते, शिकत काहीच नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की मुलांना वाचकाच्या खुर्चीतून उठवून संपादकाच्या खुर्चीत बसवावे. वर्गातून निवडलेले चार छोटे गट म्हणजे एकाच गावातील चार काल्पनिक दैनिके. प्रत्येक फेरीत सर्वांना एकच घटना मिळते. समजा, घटना अशी: सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, एक मोठा पाळणा वीज गेल्याने दहा मिनिटे थांबला, लोक वर अडकले, कोणालाही इजा झाली नाही. गटाने ठरावीक वेळेत मथळा लिहायचा, उपलब्ध तीन छायाचित्रांपैकी एक निवडायचे आणि बातमी पहिल्या पानावर घ्यायची की आत, हे ठरवायचे. हवे असेल तर एक 'खातरजमा' विकत घेता येते, म्हणजे पाळणामालक, पोलीस किंवा प्रत्यक्षदर्शी यांच्यापैकी एकाचे म्हणणे उघडून पाहता येते. पण त्यासाठी वेळ जातो आणि त्या गटाचे पान फळ्यावर शेवटी लागते. उरलेली मुले वाचक असतात. ती फळ्यासमोरून जातात आणि ज्या दैनिकाचा अंक उचलावासा वाटेल त्यासमोर चिंचोका ठेवतात. हा झाला खप. 'गड्ड्यावर मृत्यूचा पाळणा. शेकडो थोडक्यात बचावले' या मथळ्यासमोर चिंचोक्यांचा ढीग होईल, यात शंका नाही, आणि तसा तो होऊ द्यावा. मोह खरा नसेल तर खेळही खरा वाटणार नाही.

इथे एक मोठा धोका आहे आणि त्याला इतिहास आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकी महिलेने १९०४ मध्ये एका खेळाचे पेटंट घेतले. जमिनीची मक्तेदारी समाजाला कशी नाडते, हे लोकांना खेळता-खेळता कळावे, हा तिचा हेतू होता. त्याच खेळाचे वंशज पुढे १९३५ पासून 'मोनोपॉली' म्हणून विकले गेले, आणि आपल्याकडे 'व्यापार' या नावाने ज्या धर्तीचा खेळ प्रत्येक सुट्टीत खेळला जातो, त्यात मुले दुसऱ्याला कफल्लक करण्याचा निर्भेळ आनंद लुटतात. शिकवण नियमपुस्तिकेत राहिली. ज्याला बक्षीस होते ते मनात उतरले. आपल्या खेळात फक्त खप मोजला, तर आपण सनसनाटीपणाचा प्रशिक्षणवर्ग चालवू, आणि शेवटी शिक्षकांनी दिलेले पाच मिनिटांचे भाषण ते पुसू शकणार नाही.

यासाठी खपाबरोबर दुसरे चलन हवे: विश्वास. सुरुवातीला प्रत्येक दैनिकाच्या नावाने दहा मणी एका बंद डबीत शिक्षकांकडे ठेवावेत. मथळ्याने तथ्याला सोडचिठ्ठी दिली की मणी कमी होतो. पण त्याच फेरीत नव्हे, दोन फेऱ्यांनंतर, 'पडसाद' नावाच्या कार्डाद्वारे. गड्ड्यावरील गर्दी घटली, खेळणीवाल्यांचा धंदा बसला, पाळण्याची तपासणी करणाऱ्या अभियंत्याने खुलासा पाठवला. हा उशीर नियमात मुद्दाम ठेवावा, कारण प्रत्यक्षातही भडक मथळ्याचा फायदा त्याच दिवशी मिळतो आणि तोटा पुढे कधीतरी, बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी वाट्याला येतो. डबीत किती मणी उरले, हे कोणत्याही गटाला शेवटपर्यंत कळू देऊ नये. संपादकांनाही ते कुठे कळते?

शेवटच्या फेरीत सर्वांना एक खरा इशारा मिळावा: वरच्या धरणांतून येणारा विसर्ग वाढला आहे, उजनीतून रात्रीत भीमेत सोडले जाणारे पाणी वाढणार आहे, नदीकाठच्या शेतकऱ्यांनी मोटारी आणि जनावरे हलवावीत. प्रत्येक दैनिकाने हा इशारा छापायचा. किती घरांनी तो मानला, हे खप गुणिले विश्वास या हिशेबाने ठरते आणि ज्याचा गुणाकार मोठा, तो गट जिंकतो. बेरीज न घेता गुणाकार घेण्यात मुद्दा आहे. ज्याच्याकडे चिंचोके भरपूर पण मणी एकच, त्याचा इशारा लोक हसण्यावारी नेतात. ज्याने 'उपरोक्त घटनेच्या अनुषंगाने' अशा थाटात सरकारी परिपत्रकासारखे मथळे दिले, त्याचे मणी शाबूत असतात पण अंक उचलणारेच कोणी नसते. मुलांना नीरस लिहायला शिकवणे हा आपला हेतू असू नये. वाचावासा वाटणारा आणि तरीही प्रामाणिक मथळा लिहिणे हे खरे कौशल्य आहे, आणि ते फार थोड्यांना जमते.

प्रश्न : मी एका दैनिकात उपसंपादक होतो. पत्रकार म्हणजे पैशासाठी तिखटमीठ लावणारा माणूस, हेच चित्र अशा खेळातून मुलांपुढे जाणार असेल तर ते अन्यायाचे आहे. रात्री पाने छपाईला सोडताना काय परिस्थिती असते, हे या शिक्षकांना ठाऊक आहे का?
— एक माजी उपसंपादक, साखर पेठ

उत्तर : आपली हरकत रास्त आहे आणि तिचा उपयोग थेट रचनेत करता येईल. गटातील चौघांना एकच भूमिका न देता वार्ताहर, उपसंपादक, संपादक आणि जाहिरात विभाग अशा चार भूमिका द्याव्यात आणि प्रत्येकाला स्वतंत्र, इतरांना न दिसणारे उद्दिष्ट असावे. वार्ताहराला आपली बातमी पहिल्या पानावर हवी असते. उपसंपादकाला घड्याळ हरवायचे असते. जाहिरातवाल्याला पाळणामालकाची अर्ध्या पानाची जाहिरात जाऊ द्यायची नसते, त्यामुळे बातमी फुगवण्याइतकाच तिला दाबण्याचाही दबाव खेळात येतो. बातमी गोळा करणारा माणूस बहुधा मथळा देत नाही, ही साधी गोष्टही बाहेरच्या अनेकांना माहीत नसते. तालुक्याच्या वार्ताहराला लोक जाब विचारतात आणि मथळा मात्र शहरातल्या टेबलावर तयार झालेला असतो. असा खेळ खेळलेले मूल 'पत्रकार वाईट' असे म्हणणार नाही. चांगल्या माणसांच्या हातून भडक पान कसे तयार होते, हे ते स्वतः करून बघेल.

दबाव कोणता, हेही स्पष्ट दाखवावे. दूरचित्रवाणीच्या बाबतीत तर तो आकड्यात मोजला जातो. देशभरातील निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून प्रेक्षकसंख्येचे अंदाज बांधले जातात आणि त्यावर जाहिरातीचे दर ठरतात. ऑक्टोबर २०२० मध्ये या मोजणीत फेरफार झाल्याच्या आरोपांवरून प्रकरण पोलिसांपर्यंत गेल्यावर वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणे थांबवण्यात आले आणि ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. दर गुरुवारी येणाऱ्या आकड्यावर ज्याची नोकरी अवलंबून आहे, त्याने संयम पाळावा असे सांगणे सोपे आहे.

इतिहासही एकरंगी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये जोसेफ पुलित्झर आणि विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या दैनिकांची खपासाठी जी चढाओढ चालली, ती सनसनाटी पत्रकारितेचा नमुना म्हणून सांगितली जाते. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवानाच्या बंदरात अमेरिकेची 'मेन' ही युद्धनौका स्फोटाने बुडाली, अडीचशेहून अधिक माणसे मेली आणि पुरावा हाती नसताना या दैनिकांनी स्पेनकडे बोट दाखवले. १९७६ मध्ये अमेरिकी नौदलाचे अॅडमिरल रिकोव्हर यांनी केलेल्या फेरतपासात मात्र स्फोटाचे मूळ नौकेच्याच आत, बहुधा कोळशाच्या कोठारातील आगीत असावे, असा निष्कर्ष निघाला. पण त्यानंतर अमेरिका आणि स्पेन यांच्यात झालेले युद्ध वृत्तपत्रांनीच लावले, हे सर्रास केले जाणारे विधानही अनेक इतिहासकारांना फुगवलेले वाटते. शिवाय पुलित्झर यांच्याच दैनिकासाठी नेली ब्लाय या तरुण पत्रकार महिलेने १८८७ मध्ये वेडाचे सोंग घेऊन मनोरुग्णालयात प्रवेश मिळवला आणि तिथले हाल जगापुढे आणले. ती लेखमालाही खळबळजनक होती. तिने चौकशी घडवली आणि अशा संस्थांवरचा सरकारी खर्च वाढला. तेव्हा प्रत्येक खळबळ वाईट नसते, हे दाखवणारी निदान दोन-तीन कार्डे खेळात असलीच पाहिजेत.

मुलांना निकष म्हणून भारतीय प्रेस परिषदेच्या आचारनियमांतील एक अपेक्षा पुरेशी आहे: मथळे भडक किंवा चिथावणीखोर नसावेत आणि खालच्या मजकुरातून त्यांचे समर्थन झाले पाहिजे. तिचा दुसरा भाग वर्गात फार उपयोगी पडतो, कारण तो तपासता येतो. मथळा झाकून मजकूर वाचावा, मग मथळा उघडावा, आणि मजकुरात नसलेला कोणता शब्द वर आहे, तो शोधावा. आपणच ६ जानेवारीला, पत्रकारदिनी, त्या शाळेत जाऊन एक फेरी घ्यावी, असे मला वाटते. मुलांनी दिलेल्या मथळ्यांवर आपण लाल पेन चालवावा आणि वेळ संपत आल्याची घोषणाही आपणच करावी.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. व्हॉट्सअॅपवरच्या अफवांमुळे प्रत्यक्ष माणसे मारली गेली, त्या घटना अशा खेळात घ्याव्यात का? आमचे मूळ गाव मंगळवेढा तालुक्यात आहे, म्हणून विचारते.
— एक पालक, होटगी रोड

उत्तर : आपण हा प्रश्न का विचारत आहात, ते समजते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने भिक्षुकीसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले, आणि मृतांपैकी काही जण मंगळवेढा तालुक्यातले होते. त्या घरांतली मुले आज सोलापूर जिल्ह्यातल्याच शाळांत असू शकतात. ज्या वर्गात अशी मुले बसलेली असण्याची शक्यता आहे, तिथे या घटनेचे कार्ड करून त्यावर चिंचोके ठेवायला लावणे मला मान्य नाही. ज्या गोष्टीत कोणाचा तरी बाप गेला आहे, तिच्यावर गुण मिळवायचे नसतात.

याचा अर्थ ती सांगूच नये, असा नाही. नववी-दहावीच्या मुलांशी खेळ संपल्यावर, गुणांशिवाय, बसून बोलावे. सहावीच्या मुलीला तपशिलांची गरज नाही. तिच्यासाठी त्याच काळातली दुसरी एक गोष्ट अधिक शिकवणारी आहे. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात, अशी एक चित्रफीत तेव्हा देशभर फिरत होती. ती मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबाबत जागृती करण्यासाठी बनवलेली होती. मूळ चित्रफितीच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कोणीतरी तेवढा शेवट कापला. एकही दृश्य बनावट न करता, फक्त कात्री चालवून, जागृतीच्या चित्रफितीचे भयात रूपांतर झाले. याचे खेळात रूपांतर करणे सोपे आहे: सहा चित्रांची एक निरुपद्रवी गोष्ट द्यावी, मुलांना त्यातील कोणतीही दोन चित्रे काढून टाकायला सांगावीत आणि उरलेल्या चारांतून सर्वांत भीतिदायक गोष्ट कोण तयार करतो, ते पाहावे. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना हे पटकन जमते. मग काढलेली चित्रे जागेवर ठेवायची आणि कोणत्या चित्रामुळे भीती गेली, ते त्यांनीच सांगायचे.

शिक्षकांसाठी दोन पथ्ये. खऱ्या बातम्यांची कात्रणे वापरताना त्यात गुन्ह्याशी संबंध आलेल्या कोणत्याही मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा किंवा पत्ता नसावा. बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार अशी ओळख उघड करण्यास मनाई आहे. आणि आत्महत्येच्या बातम्या खेळात मुळीच घेऊ नयेत. त्या विषयावर मुलांशी बोलायचेच असेल तर ते समुपदेशकाच्या उपस्थितीत आणि खेळाच्या बाहेर.

प्रश्न : आम्ही संगणकशास्त्राचे विद्यार्थी आहोत. या खेळाचे मोबाइल अॅप करावे, असा विचार आहे. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही. जगात असे खेळ आधी झाले आहेत का, आणि त्यांचा उपयोग होतो का?
— दोन विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : झाले आहेत. सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला खेळ म्हणजे २०१८ मध्ये आलेला 'बॅड न्यूज'. केंब्रिज विद्यापीठातील संशोधक आणि नेदरलँड्समधील एक गट यांनी मिळून तो केला. त्यात खेळाडू स्वतःच खोट्या बातम्यांचा कारखाना चालवतो आणि सहा डावपेच शिकतो: दुसऱ्याचे सोंग घेणे, भावना भडकवणे, दुफळी माजवणे, कटकारस्थानाचा संशय पेरणे, टीका करणाऱ्याचीच पत घालवणे आणि डिवचणे. त्यामागचा विचार विल्यम मॅग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडला होता, की दिशाभूल करणाऱ्या युक्तिवादाची सौम्य मात्रा आधीच दिली तर पुढच्या खऱ्या हल्ल्याला मन तोंड देऊ शकते. लस जशी काम करते तसे.

उपयोगाबाबत उत्तर सरळ नाही, आणि तुमच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा भाग आहे. असे खेळ खेळलेल्यांना फसव्या बातम्या कमी विश्वासार्ह वाटू लागतात, असे सुरुवातीच्या अभ्यासांत दिसले. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फेरविश्लेषणात, त्याच अभ्यासांची आकडेवारी वेगळ्या पद्धतीने तपासल्यावर, असे आढळले की खेळाडूंची खरे-खोटे वेगळे करण्याची क्षमता सुधारलेली नव्हती. ते एकूणच सगळ्याला 'खोटे' म्हणण्याकडे झुकले होते. जुळे सोलापुरातील वर्गात मुलांनी जे केले तेच हे. म्हणून तुमच्या अॅपमध्ये खऱ्या, आणि शब्दांनी तापलेल्या पण तरीही खऱ्या बातम्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी नसावे. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसे मारली, तेव्हा 'एकट्याने शेतात जाऊ नका' हा मोठ्या टायपातील मथळा योग्यच होता. त्याला 'भडक' म्हणणाऱ्या खेळाडूचे गुण कापले गेले पाहिजेत.

भाषांबद्दल तुमचा आग्रह मला आवडला, पण भाषांतराचा मार्ग धरू नका. शहराच्या पूर्व भागातील तेलुगू घरात, अक्कलकोटकडच्या कन्नड घरात आणि एखाद्या दखनी बोलणाऱ्या घरात कोणत्या शब्दाने पोटात गोळा येतो, हे त्या-त्या घरातल्या माणसालाच माहीत असते. मराठी मथळ्याचे शब्दशः तेलुगू केले की त्यातला भडकपणा तरी विझतो किंवा भलतीकडेच पेटतो. प्रत्येक भाषेसाठी घटना तीच ठेवा आणि मथळे त्या भाषेत वाढलेल्या मुलांकडून नव्याने लिहून घ्या. एक फेरी तर अशीही करता येईल, की मराठी बातमी वाचून एकाने ती दुसऱ्याला तेलुगूत तोंडी सांगायची, त्याने तिसऱ्याला कन्नडमध्ये, आणि चौथ्याने पुन्हा मराठीत लिहायची. आकडे कुठे सुटतात आणि विशेषणे कुठे चिकटतात, ते लगेच दिसेल. कापड बाजारातल्या अनेक दुकानांत ही साखळी रोज घडते, खेळ नसताना.

अॅपच्या तंत्राबाबत एकच. व्हॉट्सअॅपने २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच गटांना किंवा व्यक्तींना पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि २०२० मध्ये अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकालाच पाठवता येईल, असे केले. तुमच्या खेळात 'पुढे पाठवा' या बटनाला असाच खर्च लावून पाहा आणि खेळाडूंचे वागणे बदलते का, त्याची नोंद ठेवा. पण हे सगळे आधी कागदावर खेळा. कागदावरचा नियम खडूने पाच मिनिटांत बदलता येतो; अॅपमधला नियम बदलायला तुमच्यापैकी कोणाची तरी परीक्षा जवळ आलेली असते.

प्रश्न : खेळाला वार्षिक मूल्यमापनात गुण द्यावेत का? नाहीतर मुले गंभीरपणे घेत नाहीत.
— एक मुख्याध्यापक, सोलापूर

उत्तर : खेळातील जिंकण्या-हरण्याला देऊ नयेत. गुण लागले की मुले शिक्षकांना आवडणारा मथळा देतील, मोह खेळातून निघून जाईल आणि सगळी दैनिके एकसारखी सात्त्विक होतील. परिणाम मोजायचा असेल तर खेळाच्या आठवडाभर आधी आणि महिनाभरानंतर प्रत्येकी बारा बातम्या, मथळ्यासह, मुलांना द्याव्यात; त्यातील सहांत मथळा मजकुराला धरून असावा आणि सहांत नसावा, आणि दोन्ही सहांमध्ये काही मथळे जोरकस, काही थंड असावेत. मग दोन चुका वेगवेगळ्या मोजाव्यात: फसवा मथळा सुटला किती वेळा, आणि रास्त मथळ्यावर नाहक संशय घेतला किती वेळा. पहिला आकडा घटला आणि दुसरा वाढला, तर खेळाचे नियम पुन्हा बदलावे लागतील. ते काम शिक्षकांनी एकट्याने न करता त्याच वर्गातील मुलांना सोबत घेऊन करावे, कारण पळवाटा त्यांनाच आधी सापडतात.